मोंढ्याचा भित्रा पंच

निवृत्ती सोनकांबळे भित्रा होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं त्याच्याबद्दल काही चांगलं निघालं तर तुम्ही उगीच हार घेऊन धावू नका. कुत्रं भुंकलं की तो रस्ता बदलायचा. बँकेत गेला तर काउंटरवरच्या बाईनं मान वर करायच्या आत "न्हाई, उद्या येतो" म्हणून मागं फिरायचा. दवाखान्यात सुई बघून एकदा चक्कर येऊन पडला होता. पन्नाशीचा बाप्या, सत्तर किलो धान्याचा कट्टा पाठीवर घेऊन दिवसभर फळीवरून ट्रकात चढणारा, आणि सुईला भ्यायला. मोंढ्यातली, म्हणजे धान्याच्या बाजारातली, माणसं त्याची यथेच्छ चेष्टा करायची, तोही त्यांच्यासोबत हसायचा.

मोंढ्याचं नाव मी घेणार नाही. नांदेड आणि लातूरच्या शिवेवर, जळकोटाहून बिलोलीकडं निघालं की वाटेत लागणारा एखादा मोंढा धरा. नाव घेतलं तर उद्या कुणीतरी माझ्याच दारात येऊन उभं राहील, आणि मी काही निवृत्तीपेक्षा फार शूर नाही.

आता असल्या माणसाला हमाल संघटनेच्या निवडणुकीचा पंच केला कुणी? तर दोन्ही बाजूंनी मिळून केला. एका बाजूला गुरुलिंग, संघटनेचा जुना अध्यक्ष. सगळे त्याला आण्णा म्हणायचे. कधीकाळी तोही हमालच होता, पण आता इस्त्रीचं धोतर आणि खिशात दोन फोन. दुसऱ्या बाजूला व्यंकटी, तिशीतला हमाल, तोंडाचा फटकळ. त्याचं म्हणणं एकच, की हमाली वाढवून मागायची. निवृत्तीचं नाव निघालं तेव्हा गुरुलिंगाला वाटलं, हा कशाला तोंड उघडतोय. व्यंकटीला वाटलं, हा कुणाचाच न्हाई. दोघांनी मान हलवली आणि निवृत्तीला "मला नको" म्हणायचं धाडस झालं नाही, म्हणून तो पंच झाला.

पंचाचं काम तसं सोपं होतं. मागच्या निवडणुकीत व्यापाऱ्यांचे टेंपो फिरले, जेवणावळी उठल्या, मतदानाच्या दिवशी डोकी फुटली. त्यानंतर सभेत प्रचाराचे नियम ठरले. उमेदवारानं आडत्याचं जेवण, गाडी, पैसा काही घ्यायचं नाही, कारण ज्याच्याकडं हमाली वाढवून मागायची त्याचंच खाऊन मागायची कशी? मुकादमानं कामावर असताना टोळीकडं मत मागायचं नाही. आणि कुणाकडून बेल-भंडारा उचलून घ्यायचा नाही. हा शेवटचा नियम सगळ्यात मोठा. ताटात बेलाची पानं आणि हळद ठेवायची, ती हातात घेऊन माणसानं शब्द दिला की तो मरेस्तोवर फिरत नाही. मतपेटी गुपित असते हो, पण बेल-भंडारा उचललेल्या माणसाचं मत कसलं गुपित?

मतदान रविवारी. आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, पंचानं मोंढ्यातल्या मोठ्या ओट्यावर उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं, की प्रचार नियमानं झाला किंवा झाला नाही. झाला नाही म्हणाला तर ज्यानं नियम मोडला तो उमेदवार बाद. अट एवढीच की पंचानं ते स्वतःच्या डोळ्यानं पाहिलेलं पाहिजे. निवृत्ती रोज मनातल्या मनात घोकायचा, "आपल्या डोळ्याला काही दिसू नये, म्हंजे झालं."

आणि बुधवारी दिसलं.

दिवस सोयाबीनचे. मोंढ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. निवृत्तीच्या टोळीचा मुकादम बसलिंगप्पा. एका आडत्या शेटच्या गोदामासमोर त्यांचा ट्रक उतरवायचा होता. दुपारी बसलिंगप्पानं टोळीला चहाला नेलं. निवृत्तीला चहानं आम्ल उसळतं, तो गेला नाही. उतरवायच्या कामाला मागून कट्टा पाठीवर देणारा लागत नाही. गाडीच्या कडेला पाठ लावली, वरून ड्रायव्हरनं कट्टा ढकलला की आपोआप पाठीवर येतो. तेवढा एक कट्टा टाकून यावं म्हणून तो गोदामात शिरला, आणि रचलेल्या कट्ट्यांच्या थप्पीमागं जागा होती म्हणून तिकडं वळला.

पाठीवर वजन असलं की हमालाला माणसाचं तोंड दिसत नाही. त्याला दिसतात ते पाय. निवृत्तीला थप्पीमागं जमिनीवर ठेवलेलं पितळेचं ताट दिसलं, त्यात बेल आणि हळद. ताटाभोवती त्याच्याच टोळीचे अनवाणी पाय, भेगाळलेले, सोयाबीनच्या धुळीनं पांढरे. त्यांच्यासमोर पांढरे मोजे. अख्ख्या मोंढ्यात मोजे घालून फिरणारा एकच शेट होता. आणि मोज्यांच्या शेजारी एक पाय, ज्याच्या अंगठ्याला नख नव्हतं, अंगठा चेपून चपटा झालेला. तो पाय गुरुलिंगाचा. हमाली करत होता त्या दिवसांत त्याच्यावर कट्टा पडला होता. बसलिंगप्पाचा आवाज चालला होता, "मत आण्णाला. आन् तीन साल हमाली वाढवून मागणार न्हाई. उचल."

निवृत्तीच्या पाठीवरचा कट्टा निसटला आणि धप्पकन जमिनीवर आला. सगळे पाय एकदम त्याच्याकडं वळले. त्यानं मान वर केली नाही. तसाच वाकलेला, कट्टा कसाबसा थप्पीला टेकवून मागं सरकला.

"निवृत्ती," गुरुलिंग अगदी मायेनं म्हणाला, "वझं लई हाय का रे?"

"न्हाई आण्णा," म्हणून तो बाहेर पडला. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि त्याला हुडहुडी भरली होती.

आता एक अडचण बघा. दुसरा कुणी असता तर त्याच ताटापुढं त्याला बसवलं असतं, भंडारा उचलायला लावला असता आणि विषय मिटला असता. पण निवृत्तीचं घर बौद्ध. त्याच्या आज्यानं छप्पन्न साली देव पोत्यात घालून गोदावरीत सोडले. बेल-भंडाऱ्याची शपथ त्याला लागू होत नाही, हे सगळ्या मोंढ्याला ठाऊक. मग याला बांधायचं कशानं?

गुरुवारी ट्रक भरायचा होता. भरताना गोष्ट वेगळी असते. कट्टा जमिनीवर असतो, तो एकट्याला पाठीवर घेता येत नाही. हमालानं पाठ वाकवून उभं राहायचं, मागून दोघांनी कट्टा उचलून पाठीवर द्यायचा. वाकलेल्या माणसाला मागचं काही दिसत नाही. देणाऱ्यावर विश्वास ठेवून डोळे मिटायचे, एवढंच त्याच्या हातात. चांगला देणारा मणक्याच्या मधोमध देतो, हलक्या हातानं.

निवृत्ती वाकला. कट्टा आला तो मानेवर, एका अंगाला, आणि झटका देऊन. डोळ्यांपुढं काजवे चमकले. तो दोन पावलं भेलकांडला, फळीला पाय लागला, कसाबसा सावरला.

मागून बसलिंगप्पा म्हणाला, "जपून रे. फळी निसरडी हाय."

एवढंच. ना शिवी, ना धमकी. दुसरा कट्टा आला तो दुसऱ्या अंगाला. तिसरा सरळ आला, आणि निवृत्तीला वाटलं सुटलो, तर चौथा पुन्हा मानेवर. कधी सरळ येईल, कधी वाकडा, ते वाकलेल्याला कळायची सोय नाही. प्रत्येक खेपेला तो दातओठ आवळून वाकायचा आणि मानेतली शीर तटतट उडायची.

ओट्याजवळ गंगम्मा सांडलेलं सोयाबीन झाडत होती. तिनं झाडू थांबवून निवृत्तीकडं पाहिलं. गंगम्माचा नवरा याच मोंढ्यात हमाल होता. एका मुकादमाशी त्याचं वाकडं आलं आणि पुढच्याच आठवड्यात कट्टा मानेवर आला. त्याला कुणी मारलं नाही, ढकललं नाही. कट्टा वाकडा आला, बस. तेव्हापासून तो खाटेवर आहे. मानेखालचं शरीर त्याचं राहिलं नाही, गंगम्मा त्याला चमच्यानं पेज पाजते. पोलीस आले, त्यांनी अपघात म्हणून लिहून घेतलं आणि गेले. मग निवृत्तीनं तरी कुणाला काय सांगायचं? साहेब, कट्टा जरा तिरपा दिला? साहेबानंच त्याला हाकलला असता.

संध्याकाळी धुरपतानं, त्याच्या बायकोनं, मानेला तेल लावायला हात घातला आणि तिचा हात थबकला. मानेच्या मुळाशी लिंबाएवढी सूज. धुरपतानं जन्मभर हमालाचा संसार केलेला. कुठल्या कट्ट्यानं कुठं सूज येते हे तिला काय सांगायचं?

"कोण दिला?" तिनं विचारलं.

निवृत्तीनं सगळं सांगितलं. ताट, भंडारा, मोजे, सगळं. सांगता सांगता त्याचा आवाज रडवेला झाला.

धुरपता म्हणाली, "तुमी ओट्यावर काय बी बोलायचं न्हाई. समदं नियमानं झालं म्हणायचं आन् घरला यायचं. हमाली वाढली न्हाई तर न वाढू. मला गंगम्मा व्हायचं न्हाई."

"न्हाई बोलत," निवृत्ती म्हणाला. खरं सांगतो, त्याला हायसं वाटलं. बायकोनं गप बस म्हटलं, आता गप बसण्याचा दोष आपला नाही, असंच त्याच्या मनात आलं. माणूस भित्रा असला की असली पळवाट त्याला बरोबर सापडते.

शुक्रवारी सकाळी तो बसलिंगप्पाच्या आधी मोंढ्यात पोचला. बसलिंगप्पा तंबाखू मळत आला तसा निवृत्ती त्याच्यापुढं जवळजवळ हात जोडून उभा राहिला. "मुकादम, मी काय पाह्यलो न्हाई. उद्या समदं नियमानं झालं म्हणतो. आण्णाला सांगा."

"हाव," बसलिंगप्पा म्हणाला. "माहीत हाय मला."

निवृत्तीचा जीव भांड्यात पडला. गडी हसतच कामाला लागला. पहिला कट्टा सरळ आला. दुसरा सरळ. तिसरा घेऊन तो फळीच्या मध्यावर होता तेव्हा कट्टा एका अंगाला घसरला. कुणीतरी कट्टा देताना त्याचा एक कान, म्हणजे कोपरा, मुद्दाम ढिला सोडला होता. फळी डुगडुगली. खाली ट्रकच्या कडेची लोखंडी पट्टी. निवृत्ती गुडघ्यावर आला, कट्टा सोडून दिला, आणि फळीला मिठी मारून तसाच पडून राहिला. सोयाबीन खाली सांडलं. टोळीतला एकही माणूस हसला नाही, आणि तेच त्याला सगळ्यात भयानक वाटलं.

बसलिंगप्पानं वर येऊन त्याला हात दिला. कानाशी लागून म्हणाला, "उद्या सांजच्यापर्यंत ध्यानात ऱ्हावं म्हणून."

शुक्रवारच्या संध्याकाळी निवृत्तीनं भाकरीला हात लावला नाही. धुरपताला वाटलं, दुखत असेल. पण त्याच्या डोक्यात भलतंच चाललं होतं. गप बसतो म्हणून सांगितलं, तरी कट्टा वाकडाच आला. उद्या गप बसलो, गुरुलिंग निवडून आला, तरी मी पाहिलेलं काही पुसलं जाणार नाही. परवा यांना पुन्हा शंका येईल, पुढच्या महिन्यात येईल, व्यंकटी कुठं बोलताना दिसला तरी येईल. आन् दर खेपेला ते मला ध्यानात आणून देणार. सांगून टाकलं तर लपवायला काही उरणार नाही, मग माझी मान मोडून यांना काय मिळायचं? राग काढतील, काढोत. पण गप बसलो तर रोज वाकायचं आणि रोज वाट बघायची.

बघा, यात शूरपणा कुठं आहे? मला तरी दिसत नाही. भित्र्या माणसानं भीतीचाच हिशोब मांडला आणि जिथं कमी भ्यावं लागेल तिकडं वळला. धुरपताला त्यानं यातलं काही सांगितलं नाही, कारण तिलाही तो भ्यायचा.

शनिवारी संध्याकाळी ओट्यावर सतरंजी अंथरली. एका बाजूला गुरुलिंग मांडी घालून बसलेला, दुसऱ्या बाजूला व्यंकटी. खाली हमाल, मापाडी, झाडणाऱ्या बायका. कुणीतरी माइक हातात दिला तर निवृत्तीच्या हाताला एवढा घाम की माइक निसटायला लागला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला.

"बोल की पंच," गुरुलिंग म्हणाला. "नियमानं झालं का न्हाई? लोकायला घरी जायचं हाय."

"न्हाई झालं," निवृत्ती म्हणाला.

माइकमधून ते इतकं बारीक आलं की मागच्यांना ऐकूच गेलं नाही. व्यंकटी उठून उभा राहिला. "काय म्हनला? मोठ्यानं सांग."

"नियमानं न्हाई झालं. बुधवारी गोदामात बेल-भंडारा उचलून घेतला. शेट व्हते. आण्णा व्हते."

गुरुलिंग जागचा हलला नाही. त्यानं सावकाश विचारलं, "निवृत्ती, खरं सांग. तू माझं तोंड पाह्यलास का?"

"न्हाई."

"शेटचं तोंड?"

"न्हाई आण्णा."

गुरुलिंग सभेकडं वळून हसला. "नियम काय म्हनतो? पंचानं डोळ्यानं पाह्यलं पाहिजे. यानं तोंडच पाह्यलं न्हाई. बस खाली, बाबा. तुझी चूक न्हाई, वझं लई झालं असंल."

इथं निवृत्तीला बसता आलं असतं. गुरुलिंगानं त्याला अगदी अलगद वाट करून दिली होती. बसला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं, व्यंकटीनंसुद्धा. तो खरंच खाली बसायला निघाला होता. पण बसलं की सोमवार. सोमवारी पाठ वाकवायची, आणि मागं बसलिंगप्पा.

"पाठीवर कट्टा व्हता," तो म्हणाला. "तोंड कुठून दिसंल? पाय पाह्यलो. पांढरे मोजे पाह्यलो. आन् बिगरनखाचा चेपका अंगठा पाह्यलो, डाव्या पायाचा."

आणि गुरुलिंगानं, इतकी वर्षं सभा हातात खेळवणाऱ्या माणसानं, डावा पाय धोतराखाली ओढून घेतला.

सगळ्या सभेनं ते पाहिलं. खाली बसलेला प्रत्येक माणूस जन्मभर पाठीवर ओझं घेऊन पायांकडंच बघत आलेला. तो अंगठा कुणाला ओळखू आला नसता? ज्यांनी भंडारा उचलला होता ते माना खाली घालून बसले. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. मग मागून गंगम्माचा आवाज आला, "पंचानं सांगितलं. झालं की." सभेतल्या दोन जुन्या माणसांनी आपसात कुजबुज केली आणि गुरुलिंग बाद झाल्याचं जाहीर केलं.

व्यंकटी बिनविरोध अध्यक्ष झाला. त्याची माणसं निवृत्तीला खांद्यावर घ्यायला आली, तर निवृत्ती ओट्याच्या मागं भिंतीला धरून ओकत होता. त्याला मंडळींनी तसंच घरी पोचवलं. धुरपतानं दार उघडलं, त्याच्याकडं पाहिलं, आणि तो ओट्यावर बोलला हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. दोन दिवस ती त्याच्याशी धड बोलली नाही.

पुढं हमाली वाढली. आडत्यांनी खळखळ केली, व्यंकटीनं आठवडाभर मोंढा बंद ठेवला, शेवटी वाढवून घेतलीच. गुरुलिंगानंही कुणाच्या केसाला धक्का लावला नाही. शेटनं त्याच्याकडं पाठ फिरवली आणि तो आपल्या लेकीकडं उदगीरला राहायला गेला. म्हणजे निवृत्तीचा हिशोब बरोबर निघाला. लपवायला काही उरलं नाही, तेव्हा त्याला मारण्यातही कुणाला काही उरलं नाही. पण मला तुम्हाला सोमवारचं सांगायचं आहे.

सोमवारी सकाळी निवृत्ती कामावर आला. ट्रक भरायचा होता. त्यानं डोक्याला फडकं बांधलं, थप्पीजवळ गेला, पाठ फिरवून उभा राहिला. मागं बसलिंगप्पा आणि टोळीतला आणखी एक. त्यांनी कट्टा उचलला.

"वाक," बसलिंगप्पा म्हणाला.

निवृत्ती उभाच राहिला.

"वाक की, निवृत्ती."

त्यानं गुडघ्यावर हात ठेवले. मान खाली घातली. पण पाठ खाली जाईना. तो ताठच. मागं रांग थांबली होती. रांगेतला एकही माणूस घाई करा म्हणाला नाही.

बसलिंगप्पानं कट्टा खाली ठेवला. पुढं येऊन निवृत्तीच्या समोर उभा राहिला, पण नजरेला नजर देईना. "तवा मीच दिलतो वाकडं," तो म्हणाला. "लेकराची आण, आता सरळ देतो."

"माहीत हाय," निवृत्ती म्हणाला. "तू सरळच देशील."

"मंग?"

"मला माहीत हाय रे बसलिंगप्पा. पाठीला न्हाई माहीत."

त्यानं आणखी दोनदा वाकून बघितलं. मग डोक्याचं फडकं सोडलं, थप्पीच्या कडेला जाऊन बसला, आणि तिथं बायका कट्ट्यांची तोंडं शिवत होत्या त्यांच्याकडं एक सुई मागितली. शिवायची मजुरी वेगळी आणि कमी असते, पुढं वाढलेली हमाली तिला लागू झाली नाही. झाडू ठेवून तिथंच बसलेल्या गंगम्मानं जरा सरकून त्याला जागा करून दिली, आणि त्यानं सुतळी ओवायला घेतली.